बिनआवाजाचा हादरा

आमच्या घराला ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, वास होता. सिंदी रेल्वे या आमच्या गावी बाबांचं सरकी-ढेपेचं दुकान रस्त्याच्या अंगाला, दुकानामागे बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे अंगणात टिनाचं शेड, असं ते आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक घर. पाहुण्यांना तो वास दारातच लागायचा, आम्हाला तो गावाबाहेर गेल्यावर नसल्याचा कळायचा. बैठकीच्या खोलीत दोन यंत्रं होती. खिडकीखाली आईची शिलाई मशीन आणि समोरच्या भिंतीला, सागवानी टेबलावर, बाबांचा रेकॉर्ड प्लेयर. दिवेलागणीला बाबा दुकानाची फळी लावून येत, हातपाय धूत, धोतराच्या सोग्याला हात पुसत आणि एक तबकडी लावून आरामखुर्चीत बसत. आई तेव्हा ब्लाऊजला बाह्या लावत असे. पायडलची खडखड आणि तबकडीवरचं गाणं एकाच वेळी चाले, आणि स्टेशनातून मालगाडी निघाली की तिचीही त्यात भर पडे. मी जमिनीवर पोट टेकून अभ्यास करायची. माझ्या लहानपणी या दोन यंत्रांची एकमेकांना कधी अडचण झालेली मला आठवत नाही, आणि हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

प्लेयर बाबांनी विकत घेतला नव्हता. कापसाच्या जिनिंगमधले एक मॅनेजर बदली होऊन गेले तेव्हा त्यांना तो न्यायचा नव्हता. घरोघरी कॅसेट आल्या होत्या, तबकड्या कोणाला नको होत्या, लोक त्या गठ्ठ्याने देऊन टाकत होते. बाबा ते गठ्ठे सायकलच्या कॅरियरवर बांधून आणायचे आणि आई म्हणायची, "अजून आणा, मी बसतो अंगणात." प्लेयर चांगला वजनदार होता. त्याची लोखंडासारखी जाड दांडी, तिच्या टोकाला सुई धरणारं साय रंगाचं चिमुकलं डोकं, खाली ॲम्प्लिफायर आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे स्पीकर. स्पीकरवरचं कापड उंदरांनी कुरतडलं होतं म्हणून बाबांनी ते काढूनच टाकलं होतं. त्यामुळे आतले काळ्या कागदाचे मोठे पडदे उघडे दिसायचे. त्या पडद्यांशी माझं पुढं जे वैर झालं, ते ते कापड असतं तर कदाचित झालं नसतं.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. दुकानातला काटा, सायकल, विळी, शिलाई मशीन, सगळ्यांना आई हळदकुंकू लावायची. एका वर्षी तिनं रेकॉर्ड प्लेयरलाही लावलं, तेही नेमकं सुईच्या डोक्याला, कारण तिच्या मते यंत्राचा जीव तिथं होता. ओली हळद त्या साय रंगाच्या प्लास्टिकमध्ये अशी मुरली की बाबांनी स्पिरिटनं पुसूनही डाग हटला नाही. बाबा दिवसभर कुरकुरले. आई म्हणाली, "देवाचं हाय, राहू द्या." तो बोटाच्या पेरासारखा पिवळा डाग तिथं कायमचा राहिला.

विनूमामा माझ्या आईचा धाकटा आणि एकुलता भाऊ. रोहण्याला त्याची शेती होती, थोडा संत्र्याचा बगीचा होता, पण त्याचा सगळा जीव तारांमध्ये. पॉलिटेक्निकला जाऊन आलेला, आर्वीपासूनचे लोक त्याच्याकडे रेडिओ आणायचे आणि तो हौसेनं, फुकटात दुरुस्त करून द्यायचा. तो आमच्याकडे आला की घर वेगळंच व्हायचं. आई बेसनाच्या पातोड्यांचा तर्रीदार रस्सा करायची, बाबा दुकान लवकर बंद करायचे आणि मी त्याच्या पिशवीतला सोल्डरिंगचा दांडा बाहेर निघायची वाट बघत बसायची. मुलीच्या जातीनं तारांना हात लावू नये असं म्हणणारी माणसं आमच्या घरात होती, मामा त्यातला नव्हता. मला त्यानंच शिकवलं की बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काही बदलण्याआधी स्वतःला विचारायचं, आधी ठीक होतं तर मग मधात काय बदललं. "बिघाड लपून नाई राहत, शोभे," तो म्हणायचा. "आपण नेमकं तठी पाहत नाई." मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. आज ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एका भाऊबीजेला तो आला, ओवाळून झालं, आणि बाबा सहज म्हणाले की आवाज थोडा घोगरा येतो. मामानं सुई भिंगाखाली पाहिली आणि प्लेयर गोधडीत गुंडाळून सर्व्हिसिंगला रोहण्याला नेला. बऱ्याच दिवसांनी परत आणला तेव्हा दांडीच्या टोकाला नवंकोरं काळं डोकं होतं.

"जुनं गेलतं भाऊजी. फेकून देलं," तो म्हणाला. "हे भारी टाकलं. सुई पाहा किती नाजूक हाय."

बाबांनी त्याला आग्रहानं आणखी एक पातोडी वाढली.

त्याच संध्याकाळी मला ते दिसलं. गाणं चालू होतं, आवाज स्वच्छ होता, पण स्पीकरचे पडदे आतबाहेर होत होते. गाण्याच्या तालावर नव्हे. आपलेच, सावकाश, दमेकऱ्याची छाती हलते तसे. त्या हलण्याचा कानाला काहीच आवाज येत नव्हता. मी बोट टेकवलं तर कागद बोटाला ढकलत होता. बाबांनी आवाज थोडा वाढवला तर पडदे इतके बाहेर येऊ लागले की आतून टक्क असा ठोका आला आणि गाणाऱ्या बाईचा गळा थरथरला. बाबांनी घाईनं सुई उचलली. पडदे जागच्या जागी थांबले.

"फाटून जाईन," मामा म्हणाला. "असं चालवू नोका. कारण शोधा लागन." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हे काम शोभीचं. शोध वं तू. मले सांगजो."

मी दहावी झालेली मुलगी, आणि माझ्या मामानं मला माझं पहिलं खरं काम दिलं होतं. मी हवेत होते.

पुढचे दोन महिने मी त्या पडद्यांमागे लागले. सुई उचलली की हलणं थांबतं, म्हणजे दोष ॲम्प्लिफायरचा नाही. तबकडी न फिरवता सुई नुसती टेकवून टेबलावर टिचकी मारली की पडदे हलतात, म्हणजे हादरा सुईतून आत शिरतो. मामानं पोस्टकार्डावर शाबासकी लिहिली आणि सुचवलं की स्पीकरचाच आवाज टेबलातून परत सुईपर्यंत जात असेल. मग मी आणि बाबांनी दोन्ही स्पीकर लांब तारेनं थेट दुकानात नेऊन ढेपेच्या पोत्यांवर ठेवले. पडदे तिथंही हलले. मग मामाला मालगाड्यांचा संशय आला. मी खिडकीत बसून गाड्यांची वाट पाहायची. गाडी नसतानाही पडदे हलायचे, आणि खरं सांगायचं तर गाडी असताना काही फार जास्त हलत नव्हते. मग तबकड्या. आमच्याकडच्या उन्हात तबकड्या पापडासारख्या फुगतात हे खरंच होतं. मी एकेक तबकडी आरशावर ठेवून पाहिली. फुगलेली तबकडी लावली की दर फेऱ्याला एक मोठा हेलकावा यायचा, पण आरशावर सपाट बसणाऱ्या तबकड्यांनाही पडदे गप्प राहत नव्हते.

बाबांचा स्वतःचाही एक उपाय झाला. कापसाच्या व्यवहारात जन्म गेलेल्या माणसाला कापसावर जो विश्वास असतो तो दुसऱ्या कशावर नसतो. भांडं फुटू नये म्हणून कापूस, कान दुखला म्हणून कापूस, आणि यंत्र हादरतं म्हणूनही कापूस. त्यांनी पिंजाऱ्याला बोलावून अंगणात सुंदर मऊ चौकोनी गादी भरून घेतली, निळ्या पट्ट्यांची खोळ आईकडून शिवून घेतली आणि प्लेयर त्या गादीवर असा बसवला जसा एखादा शेठ पेढीवर बसतो. तबकडी लावली. पडदे पूर्वी हलत होते ते आता डोलू लागले. खोलीतून कोणी चाललं तरी प्लेयर गादीवर हलकेच झुलायचा आणि पडदे त्याच्यासोबत. बाबांनी गादीत आणखी कापूस भरायला लावला. झुलणं वाढलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो, बाबासुद्धा. त्या सगळ्या प्रकरणातलं निखळ हसू तेवढंच. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट राहून गेली की मऊ वस्तूवर जड वस्तू ठेवली की ती हादरा खात नाही, हादरा वाढवते.

मग संक्रांतीला मामा आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहून ऐकू लागला. आई मशीनवर होती. लग्नसराई जवळ आली होती, तिच्याकडे ब्लाऊजच्या कापडांचा ढीग साचला होता. तिनं पायडल मारलं आणि पडद्यांनी उडी घेतली.

"सापडलं," मामा म्हणाला. "बाई, तुझी मशीन हाय."

"माही मशीन काय करते?"

"पायडलचा हादरा फरशीत जाते. फरशीतून टेबलात. पाय ना, तूच पाय."

आईनं पायडल मारून पाहिलं. पडदे उडाले. थांबवलं, कमी झाले. डोळ्यांसमोरची गोष्ट, कोण काय म्हणणार. मी मात्र म्हटलं, "पण मामा, आधी तर दोन्ही सोबतच चालायचं." तो हसला आणि म्हणाला, "मशीन म्हातारी झाली वं." बाबा एका शब्दानं आईला बोलले नाहीत, पण त्यांनी मशीनकडे ज्या नजरेनं पाहिलं ते तिला कळलं. दुसऱ्या दिवशी मशीन अंगणातल्या शेडमध्ये गेली.

त्या खिडकीत आईचं काय होतं हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगते. ती खिडकी गल्लीवर उघडायची. बाजाराला जाणाऱ्या बाया तिथं थांबायच्या, माप द्यायच्या, लेकीच्या सासरच्या गोष्टी सांगायच्या, भाजीचा वाटा ठेवून जायच्या. आई कुठं जात-येत नसे, गाव तिच्याकडे येत असे. बैठकीच्या खोलीत, पुरुषांच्या खोलीत, तिची अशी एक जागा होती आणि ती तिनं पायडल मारून मिळवली होती. शेडमध्ये सरपण, रिकामी पोती आणि एक मोडका पलंग होता. माघ सरला तसं टिन तापायला लागलं. मे महिन्यात तर दुपारी त्या टिनाखाली उभं राहवत नव्हतं, आणि आई ओलं फडकं डोक्यावर घेऊन तिथं लग्नाचे ब्लाऊज शिवत होती. बायांना मागच्या अंगणात यायला घरातून यावं लागे, दुकानात पुरुष बसलेले असत, मग त्यांचं येणं कमी झालं. आणि एवढं करून पडदे काही थांबले नव्हते. कमी झाले होते एवढंच. मामा म्हणाला, काळ्या मातीतून हादरा लांबवर जातो, शेडमधूनही पोचतो. मग बाबा ऐकायला बसले की आई मशीन बंद ठेवू लागली.

त्या दिवसापासून मला बिघाडात बिघाड म्हणून रस उरला नाही. मला आईला खिडकीत परत आणायचं होतं. बास.

मी मामाचाच नियम धरून बसले. आधी ठीक होतं, मग मधात काय बदललं. फरशी तीच, मालगाड्या त्याच, तबकड्या त्याच, मशीन तीच. बदललं होतं फक्त ते काळं डोकं. पण ते नवं होतं आणि मामानं बसवलेलं होतं, त्यामुळे माझं मन तिथं जातच नव्हतं. एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी जमिनीवर बसून डोळा अगदी तबकडीच्या पातळीला आणला आणि चालती सुई पाहिली. ती नाजूक सुई वाकत होती आणि उठत होती. तिच्यावरची जाड दांडी वरखाली होत होती, पडदे हलत होते त्याच गतीनं. मी चित्रकलेचा बारीक ब्रश घेतला आणि त्याचे केस दांडीला हलकेच टेकवून धरले. पडदे शांत झाले. ब्रश काढला, पडदे हलू लागले. मी हे इतक्या वेळा केलं की माझा हात दुखायला लागला. बाबांच्या गादीचं गणित होतं ते. जड दांडी, आणि तिला पेलायला फार मऊ सुई. जमिनीतून, तबकडीतून कुठूनही बारीकसा हादरा आला की ही जोडी त्याला झुलवून मोठा करत होती. ते डोकं चांगलं असेल, पण आमच्या दांडीसाठी नव्हतं. जुनं डोकं ताठ होतं म्हणून त्याच्या काळात पायडल चाललं, गाड्या गेल्या, आणि पडदे हलले नाहीत. आता मी सावंगीला दवाखान्याच्या कानाच्या विभागात आयुष्य काढलेली बाई आहे, ऐकू न येणाऱ्या कंपनांबद्दल मला चार पुस्तकी गोष्टी माहीत आहेत. त्यातली एकही मला त्या दुपारच्या ब्रशाइतकी पटलेली नाही.

मी कोणालाच बोलले नाही. आठवड्यानं आई आणि मी रोहण्याला जाणार होतो, आईचं दरवर्षीचं माहेरपण. मला हे मामालाच आधी सांगायचं होतं. त्याची चूक होती, पण चूक कोणाचीही होते. तो मला शाबासकी देईल, ताठ सुईचं डोकं कुठून तरी मिळवून देईल, आणि आई खिडकीत येईल. एसटीच्या खिडकीशी बसून मी काय काय बोलायचं ते जुळवत होते.

मामाच्या घरी मामी कुरडया तळत होती, आमरसाचं पातेलं ओल्या फडक्यात ठेवलं होतं. माजघरातून गाणं येत होतं. मामाकडे एक जुना प्लेयर पडलेला असायचा, कधी चालू नसलेला. आता तो चालू होता. मी आत गेले. मामाचा पोरगा त्या खोलीत धपाधप उड्या मारत होता आणि स्पीकरचे पडदे जागेवर होते. मी वाकले. दांडीच्या टोकाला साय रंगाचं डोकं होतं, आणि त्याच्यावर बोटाच्या पेरासारखा पिवळा डाग.

मला आधी काही वाटलंच नाही. मी त्या डागाकडे पाहत राहिले. मामा हात पुसत मागून आला.

"मामा, हे तर आमचं हाय."

त्यानं नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला वाटतं. "हाव," तो म्हणाला. "तुमचंच होतं."

"तुमी तर म्हणलं फेकलं."

"असं डोकं आता भेटते कुठं, शोभे? तुझे बाबा ढेपीच्या हातानं सुई टेकवतात. त्याईच्या घरी थे वाया जाऊन राह्यलं होतं. अठी मी त्याले जपतो."

"नव्यानं पडदे हलतात हे तुमाले माईत होतं?"

"बसवलं तवाच दिसलं. म्हटलं, चालून जाईन."

"मंग आईची मशीन काऊन हलवली?"

तो जरा चिडूनच म्हणाला, "काहीतरी सांगाच लागते ना वं माणसाले. तू सारखी मागंच लागली होती. आज हे, उद्या थे. कार्डावर कार्ड."

मी मागे लागले होते. त्यानंच मला मागे लावलं होतं. मी गाड्या मोजत खिडकीत बसले, आरशावर तबकड्या ठेवल्या, दर कार्डात त्याला सगळं इमानदारीनं लिहिलं, आणि तो माणूस तिथं, त्या डागासमोर बसून, माझं कार्ड वाचून, मला आता पुढं कुठं चुकीच्या जागी पाठवायचं ते ठरवत होता. पुष्कळांनी पुढं आयुष्यात फसवलं. नवऱ्याच्या भागीदारानं फसवलं, घर बांधणाऱ्यानं फसवलं. पण त्यांनी मला कधी बिघाड शोधायला शिकवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा राग येतो आणि निघून जातो. मामाचा निघत नाही. तो वारला तेव्हा मी गेले, रीतीप्रमाणे सगळं केलं, आणि राग होता तिथंच होता.

रोहण्याला मी तोंड उघडलं नाही. मामीनं वाढलेल्या ताटावर बसून आमरस खाल्ला, तो गोड लागला की नाही आठवत नाही. सिंदीला परत आलो, आईनं बॅग ठेवली, साडी बदलली आणि थेट शेडमध्ये जाऊन मशीनला दोरा ओवायला बसली. मी तिच्यामागे गेले. टिन तापलं होतं. मी सगळं सांगितलं, ब्रश, मऊ सुई, ताठ सुई, रोहण्याचे शांत पडदे, पिवळा डाग. मला वाटलं ती उठेल. मशीनचं एक टोक ती धरेल, एक मी धरेन आणि आम्ही ती तशीच ओढत खिडकीत नेऊ.

ती दोरा ओवत होती. "मले माईत हाय," ती म्हणाली.

"काय माईत हाय?"

"होळीले गेलती ना मी एकटी. तवाच पाह्यलं. माही हळद मले नाई ओळखू येणार?"

म्हणजे जवळजवळ सगळा उन्हाळा. ओलं फडकं डोक्यावर घेऊन, बायांची वाट पाहत, मी त्या सुईपाशी डोळा लावून बसले असताना, बाबा ऐकायला बसले की मशीन बंद ठेवताना, तिला माहीत होतं.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुझ्या बाबाले सांगितलं असतं, तर त्याईनं विनूचं तोंड पाह्यलं नसतं पुन्हा. मायबाप गेले माहे. थो एकच हाय. मंग मी कोणाच्या घरी जाऊ?" तिनं दोरा दातानं तोडला. "तुले समजन पुढं."

मला अजून समजलेलं नाही. म्हणजे, डोक्याला समजतं. माझंही माहेर आता कुलूप लावलेलं आहे. पण मी तिच्यासाठी शोधत होते, आणि तिला ते दिसत होतं, आणि तिनं मला शोधू दिलं. ते मला तेव्हाही गिळता आलं नाही.

"डोकं परत येईन," ती म्हणाली. "मी पाहून घेतो. तू बाबापाशी काई बोलजो नोको."

आठवड्याच्या आत ते परत आलं. बाबा वर्ध्याला गेले होते, पार संध्याकाळपर्यंत. दुपारी मामा कोणाची तरी मालाची गाडी घेऊन आला, माझ्याकडे न पाहता बैठकीत गेला आणि काळं डोकं काढून डागाचं डोकं बसवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, झालं. खालच्या मानेनं का होईना, झालं. मग मामा आणि गाडीवाला मागं अंगणात गेले आणि शिलाई मशीन उचलून घेऊन आले. आईनं तिच्यावर जुनी साडी पांघरली होती. बैठकीतून, त्या खिडकीजवळून, दुकानातून ते तिला गाडीपाशी घेऊन गेले.

"आई, मशीन कुठं नेऊन राह्यले?"

"मामीले पायजे होती," आई म्हणाली. "माहे डोये दुखतात आता."

तिचे डोळे दुखत नव्हते. पडदे थांबण्याला काहीतरी कारण लागणार होतं, आणि तिनं ते गाडीत चढवून रोहण्याला पाठवलं होतं. मला हे कळायला गाडी वळणावर जाईपर्यंतचा वेळ लागला. मामानं जाताना तिच्या पायाला हात लावला, आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बाबा आले, हातपाय धुतले, तबकडी लावली. खुर्चीत टेकता टेकता थांबले. पुढं वाकून त्यांनी एका पडद्याला बोट लावलं, मग दुसऱ्याला. आवाज वाढवला. पडदे जागचे हलले नाहीत.

"अवं, हे थांबलं," ते म्हणाले. "काय केलं?"

"मशीन देली विनूच्या बायकोले," आई म्हणाली. "तुमाले वाटत होतं तेच होतं. मशीनच होती."

"पाय, मले वाटतच होतं," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं.

आईनं बोलू नको म्हटलं होतं, तरी मी बोलले. "बाबा, मशीन नव्हती. त्या डोक्याचा दोष होता. मामानं आपलं जुनं डोकं स्वतःपाशी ठेवलं होतं, आज आणून लावलं. पाहा तुमी, हळदीचा डाग पाहा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मला वाटतं, त्या क्षणी ते उठून पाहायला तयार होते. दोन पावलं होती प्लेयरपर्यंत.

"तिचं काई ऐकू नोका," आई म्हणाली. "रोहण्याले विनूनं रागावलं तिले, तवापासून त्याच्यावर अशीच बोलून राह्यली. फेकलेलं डोकं सापडलं म्हणून त्यानं आज आणून लावलं, पण पडदे त्याच्या आंधीच, मशीन उचलली तवाच थांबले होते, मीच पाह्यलं."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, हातातल्या गव्हाच्या सुपात पाहत. बाबांचं अंग खुर्चीत सैल झालं. "असं मामाच्या मांगं बोलू नाई, बेटा," ते म्हणाले, रागानं नव्हे, समजावून. मग हात पुढे करून त्यांनी मला जवळ बोलावलं, खुर्चीशेजारी बसवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गाणं ऐकू लागले. पडदे शांत होते. ते कशानं शांत झाले हे त्या घरात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक, मी खोटारडी आहे असं सांगून, गहू निवडत बसली होती.